सदर बाबीविषयी बोर्डाचं मत

आमच्या बोर्डाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं, तर उपसमितीतले जे अजून हयात आहेत ते येळ्ळूरला माझ्या दारात येतील आणि इथेच एक बैठक भरवतील. बैठक म्हटलं की आजही माझं डोकं ठणकायला लागतं. बेळगाव भागातलं एक लोकल बोर्ड होतं, मी त्याचा हेडक्लार्क होतो आणि रोज येळ्ळूरहून सायकल मारत कचेरीत जात होतो, एवढं कळलं तरी पुरे. या गोष्टीला आता आठ वर्षं झाली.

सदतीस साली मुंबईत निवडून आलेलं मंत्रिमंडळ बसलं आणि एकामागून एक बिलं निघायला लागली. प्रत्येक बिलाची छापील प्रत आमच्याकडे यायची. सोबत पत्र असायचं, की सहा आठवड्यांत बोर्डाचं मत कळवा. कल्पना चांगलीच होती, मी आजही म्हणतो. मुंबईत बसलेल्या माणसाला जांबोटीच्या रानात काय चालतं ते कसं कळणार? ते आम्ही कळवायचं, मग असेंब्लीत त्याप्रमाणे कलमं सुधारायची. त्यासाठी बोर्डानं तीन सभासदांची एक कायदा उपसमिती नेमली, आणि माझ्या मागे शुक्लकाष्ठ लागलं.

अध्यक्ष होते अप्पासाहेब. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, भला माणूस, कुणाला दुखवायचं नाही हा त्यांचा बाणा. दुसरे यल्लाप्पा, कन्नड शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, स्वल्पविरामासाठी भांडणारे. तिसरे सुबराव, जांबोटीचे, जंगलाकडच्या पंचवीस वाड्यांचे प्रतिनिधी. बैठकीत चहा आला की तेवढ्यापुरते ते जागे व्हायचे.

पहिली बैठक इतिवृत्त मराठीत लिहावं की कन्नडमध्ये, यावर गेली. दुसरीही त्यावरच गेली. तिसऱ्या बैठकीत तडजोड निघाली, की इंग्रजीत लिहावं. इंग्रजी तिघांपैकी कुणालाच धड येत नव्हतं, त्यामुळे कुणाचाच अपमान झाला नाही. भार सगळा माझ्यावर आला. एव्हाना सहापैकी साडेतीन आठवडे उलटले होते आणि ज्या बिलावर मत द्यायचं ते कुणी उघडूनही पाहिलं नव्हतं.

मी पाहिलं होतं. ते सुइणींचं बिल होतं. यापुढे सरकारी दवाखान्यात सहा महिने शिकून प्रमाणपत्र घेतल्याशिवाय कुणीही बाळंतपण करायचं नाही. केलं तर पहिल्या खेपेला दंड, दुसऱ्या खेपेला तीन महिने तुरुंग. शिकायला येणारीला लिहितावाचता यायला हवं. हेतू वाईट नव्हता. घाणेरड्या हातांनी किती बाया दगावतात ते मलाही ठाऊक होतं. पण जांबोटीपासून खानापूरचा दवाखाना बारा मैल. पावसाळ्याचे चार महिने मलप्रभा फुगली की ते बारा मैलही उरत नाहीत, कारण वाटच उरत नाही. तिथल्या बाईनं कुणाकडे जायचं?

हा प्रश्न माझ्या आधी बायाक्काला पडला होता. बायाक्का जांबोटीची सुईण. तिथे दिलेल्या माझ्या बहिणीची, सोनाबाईची, दोन्ही बाळंतपणं तिनं केली होती. एका दुपारी ती कचेरीच्या पायरीवर येऊन बसली. पहाटे निघून खानापूरपर्यंत चालत आणि तिथून आगगाडीनं आली होती. पाय चिखलानं माखलेले, काखेत एक गाठोडं.

"ज्योतिबा, खरं हाय का रं ह्ये? मला तुरुंगात घालणार?"

"कायदा अजून झाला नाही, बायाक्का. आमचं मत मागितलंय."

"मग द्या की मत. माझी काय तक्रार न्हाय बघ. दवाखाना बांदा, शिकलेली बाई आणा, मी उद्या घरात बसतो. पर ती येस्तवर आमच्या बायांनी काय करायचं त्ये लिवा. माझं वय न्हाय आता पाटी-पेन्सिल घ्यायचं."

किती सरळ बोलणं होतं! मी तिच्यासमोरच कागद घेतला आणि एक ओळ लिहिली: ज्या गावापासून दहा मैलांत दवाखाना नाही, तेथे प्रमाणित सुईण मिळेपर्यंत गावच्या जुन्या सुइणीस बाळंतपण करण्याची मोकळीक असावी. तिला वाचून दाखवली. तिनं दोनदा वाचायला लावली आणि मान हलवली.

"एवढंच पायजे. ह्येच लिव्ह. जास्त लिवू नगंस."

एक ओळ. मुंबईच्या असेंब्लीत ही एक ओळ पोचवायची, एवढंच काम होतं. मला वाटलं, चौथ्या बैठकीत अर्ध्या तासात उरकेल. मी तेव्हा पस्तिशीचा होतो, तरी इतका भाबडा होतो.

चौथ्या बैठकीत मी बिलाचं नाव मराठीत वाचलं मात्र, अप्पासाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. यल्लाप्पा मास्तरांनी शाईची दौत सरळ केली. सुबरावांचे कान लाल झाले.

"ज्योतिबा," अप्पासाहेब हळूच म्हणाले, "विषय जरा नाजूक आहे. इतिवृत्तात आपण 'सदर बाब' असं म्हणू."

तिन्ही पुरुषांना मिळून एकोणीस मुलं होती. मी मोजली होती. पण बाळंतपण हा शब्द एकाच्याही तोंडातून निघेना. आमच्याकडे रीतच तशी. घरात बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या की पुरुष उठून गोठ्यात जातो, देवळात जातो, कुठेही जातो. परत येतो तो पेढे वाटायलाच. मधल्या वेळेत काय घडतं याचा उच्चार बायांनी करायचा, तोही कुजबुजत. ती घरची रीत या तिघांनी जशीच्या तशी उचलून कायद्याच्या कामात आणून ठेवली. दीड तास "सदर बाब", "सदर काम", "सदर प्रसंगी" असं चाललं आणि कोण कशाबद्दल बोलतंय ते मलाही कळेनासं झालं.

शेवटी माझा धीर सुटला. मी म्हटलं, "साहेब, इतर बोर्डं साक्षी घेतात. ज्याचा धंदा त्यालाच विचारतात. बायाक्काला बोलवू या."

सुबराव दचकले, पण नाही कोण म्हणणार? पाचव्या बैठकीला बायाक्का पुन्हा बारा मैल चालून आली. आता बाईमाणसाला समितीपुढे खुर्चीवर बसवायचं कसं, यावर पाऊण तास गेला. ठरलं असं, की ती बाहेर व्हरांड्यात बसेल, दार अर्धं लोटलेलं राहील, आणि रवळू शिपाई प्रश्न बाहेर नेईल आणि उत्तर आत आणेल. व्हरांडा आणि टेबल यांत चार हातांचं अंतर होतं.

"तिला विचार, सदर कामाचा अनुभव किती वर्षांचा?" अप्पासाहेब म्हणाले.

रवळू चार पावलं गेला. बायाक्काचा आवाज त्याची वाट न बघता आत आला. "सदर काम म्हंजे कुठलं रं? बाळंतपण व्हय? मग तसं इचारा की! चाळीस वर्सं झाली. आडवं आलेलं पोर फिरवलंय, पायाळू काढलंय, वार अडकली तर—"

"पुरे, पुरे," अप्पासाहेबांना खोकला आला. मास्तर उठून खिडकी उघडायला गेले. ती आधीच उघडी होती.

"पुरे कसं? आत सुबराव आण्णा बसल्यात न्हवं? त्यांची पाचीबी पोरं माझ्याच हातावर आलती. मालूच्या येळंला तर त्यांची बायकू गेलीच हुती, मी वडून आणली म्हागारी. इचारा त्यास्नी, सांगतील!"

सगळ्यांनी सुबरावांकडे पाहिलं. सुबरावांनी बिलाकडे पाहिलं. बिल इंग्रजीत होतं, तरी ते वाचत राहिले. त्यांनी नुसतं "व्हय" म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांच्या पंचवीस वाड्यांचा प्रश्न होता, त्यांच्याच घरातली साक्ष होती. पण ते मूग गिळून बसले. बाहेर बायाक्कानं गाठोडं उचलल्याचा आवाज आला.

सहाव्या आणि शेवटच्या बैठकीत मी माझी ओळ पुढे ठेवली. अप्पासाहेबांनी ती वाचली आणि कागद पालथा घातला.

"ज्योतिबा, मुद्दा बरोबर आहे. पण हा ठराव जाहीर सभेत वाचला जाणार. लोक बसलेले असतात. हा शब्द तिथे कसा उच्चारायचा?"

"प्रसूती घालू या, साहेब. संस्कृत आहे."

"तोही कळतोच की," मास्तर म्हणाले.

"मास्तर, कळावं म्हणूनच लिहितात!" मी जरा मोठ्यानंच बोललो. "आणि मुंबईला जाणार ते इंग्रजीतच ना? इंग्रजी शब्दाची कसली लाज?"

"सभेत मराठी तर्जुमा वाचावा लागतो. शिवाय कन्नड," मास्तर म्हणाले.

मग तिघांनी मिळून मजकूर सांगितला. तो मला आजही तोंडपाठ आहे. "सदर बाबीविषयी बोर्ड सरकारचे मनःपूर्वक अभिनंदन करते. मात्र सदर बाबतीत दुर्गम भागांस पावसाळ्यात होणारी अडचण सरकारने सहानुभूतीने लक्षात घ्यावी." झालं. सहा आठवडे, सहा बैठका, आणि त्यातून हे निघालं. मी म्हटलं, "साहेब, यातून कुणाला काय कळणार?" अप्पासाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मुंबईची माणसं हुशार आहेत रे. समजून घेतात." सुबराव म्हणाले, "बरं झालंय." त्या बैठकीतले त्यांचे तेवढेच शब्द.

आता माझं सांगतो, कारण दुसऱ्यांच्या नावानं बोटं मोडणं सोपं असतं. इंग्रजी तर्जुमा मी केला. टाइप मी केलं. पाकीट मी बंद केलं. बायाक्कासमोर लिहिलेली ओळ माझ्या कोटाच्या खिशात होती. खाली पुरवणी म्हणून ती घालायला किती वेळ लागला असता? अप्पासाहेबांनी न वाचता सही केली असती. मी घातली नाही. नोकरी जाईल या भीतीपोटी घातली नाही, दुसरं काही कारण नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

चार महिन्यांनी सगळ्या बोर्डांच्या मतांचं छापील पुस्तक आलं. मी आमचं पान काढलं. तिथे एवढंच होतं: बिलास पाठिंबा, याशिवाय पावसाळ्यातील रस्त्यांच्या अडचणीबद्दल तक्रार, ती रस्ते खात्याकडे पाठवली आहे. मी डोक्याला हात लावला. मुंबईच्या त्या कारकुनाची काय चूक? दुर्गम भाग, पावसाळा, अडचण. मी त्याच्या जागी असतो तर मीही रस्तेच समजलो असतो. बिल जसंच्या तसं पास झालं. आमच्या जाहीर सभेत अप्पासाहेबांनी सांगितलं की बोर्डाच्या मताची सरकारनं छापून दखल घेतली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कायदा लागू झाला. तालुक्याहून माणूस जांबोटीला गेला, चावडीत नोटीस वाचली आणि यापुढे काम करणार नाही, केलं तर थेट तुरुंगात जाईन, असं लिहून बायाक्काचा अंगठा घेतला. पुढच्या आषाढात वरच्या वाडीच्या शालूबाईला कळा सुरू झाल्या. डोलीत घालून तिला खानापूरला न्यायला निघाले. डोली बायाक्काच्या दारावरून गेली. नदीला उतार नव्हता. शालूबाई अलीकडच्या काठावरच गेली, पोटातल्या पोरासकट. हे मला सोनाबाईच्या पत्रातून कळलं. मी ते पत्र दोन दिवस कुणाला दाखवलं नाही.

आणि श्रावणात आणखी एक पत्र आलं, रस्ते खात्याचं. बोर्डाच्या मतास अनुसरून अडचणीच्या रस्त्याची लांबी मोजून कळवावी! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण हुकूम तो हुकूम. रवळूला घेऊन मी मोजणीची साखळी खांद्यावर टाकली आणि नदीला जेमतेम उतार मिळाला तशी भर पावसात जांबोटीला गेलो. उतरलो सुबरावांच्याच घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकडच्या वाटेवर आम्ही साखळी ओढत होतो. गुडघाभर चिखल, वरून धार, नदी रात्रीतून पुन्हा फुगलेली. तेवढ्यात सुबराव धावत येताना दिसले. डोक्यावर इरलं नाही, पायात वहाण नाही. त्यांची मालू पहिलटकरीण, माहेरी आली होती. त्यांनी मला काही सांगितलं नाही, नुसता माझा हात धरला आणि बायाक्काच्या दाराकडे ओढत नेलं. एकटं जायचा धीर होत नव्हता त्यांना.

बायाक्का ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. आजूबाजूच्या घरांतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बायाक्का, चल," सुबराव म्हणाले.

"कुठं?"

"घरी. तुला ठावं हाय."

"मला काय ठावं न्हाय, आण्णा. काय काम हाय त्ये सांगा."

"त्ये... म्हंजे..." सुबरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम खाली पाहिलं. एकदा त्यांनीही तसंच पाहिलं होतं.

"शालू ह्या दारावरनं गेली," बायाक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "अंगठा दिलता म्हून मी बसून ऱ्हायलो. तिची आय माझ्या पाया पडत हुती. तुमच्या कचेरीत मी सगळं सांगितलं, आण्णा. तुमी आत हुता. एक शब्द बोलला न्हाईसा. आता बोला. काय काम हाय?"

सुबराव चिखलात उभे होते. त्यांच्या तोंडावरून पाणी ओघळत होतं, सगळं पावसाचं नव्हतं. आणि मग तो पन्नाशीचा माणूस, अख्ख्या आळीसमोर, मोठ्यानं ओरडला, "माझी मालू बाळंत व्हायलीय गं! बाळंतपण करायला चल! तिला वाचीव!"

बायाक्का उठली. गाठोडं तिच्या मागेच बांधून ठेवलेलं होतं. जाता जाता सुबरावांजवळ क्षणभर थांबली.

"एवढंच तिथं म्हणला असता तर."

दुपारी मुलगी झाली. मालू बचावली. सुबराव या वेळी गोठ्यात गेले नाहीत. दारातच बसून राहिले आणि आतला प्रत्येक आवाज त्यांनी ऐकला. मला वाटलं, चला, एवढ्यावर तरी हे प्रकरण मार्गाला लागलं. मी भाबडा तो भाबडाच.

सुबरावांचा भाऊ गावचा पाटील, पण त्याला दिसायचं कमी. त्यामुळे जन्माची वही सुबरावांकडेच असायची. संध्याकाळी त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. "तुजं अक्षर चांगलं हाय. लिव्ह." नव्या कायद्याबरोबर वहीही नवी आली होती. शेवटचा रकाना होता: बाळंतपण कोणी केले, प्रमाणपत्राचा क्रमांक. तो शब्द सरकारनं ठळक अक्षरांत छापला होता. सरकारला कसलीच लाज वाटली नव्हती. आम्ही कुणासाठी एवढे लाजलो होतो?

मी टाक थांबवला. "काय लिहू, आण्णा?"

सुबरावांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांचा आवाज पुन्हा बैठकीतल्यासारखा झाला. "तिचं नाव लिवलं तर तिला नेतील. अंगठा दिलाय तिनं. लिव्ह, कुणी न्हाय."

चुकीचं नव्हतं ते. दुसरं लिहिण्यासारखं काही आम्ही शिल्लकच ठेवलं नव्हतं. मी लिहिलं: कोणी नाही.

बायाक्का पडवीत हात धूत होती. पदराला हात पुसत ती जवळ आली आणि वहीवर वाकली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून बोट ठेवून विचारलं, "हितं काय लिवलंस रं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण मी वाचून दाखवलं.

चाळीस वर्षांत त्या मुलखातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती. मग तिनं गाठोडं काखेत मारलं आणि डोक्यावर इरलं घेतलं.

"खालच्या वाडीत परवा एकीचे दिवस भरत्यात," ती म्हणाली. "तितंबी ह्येच 'कुणी न्हाय' जाणार हाय. आत्ताच लिवून ठेव."